एक वाजता माघारी

या सदराच्या वाचकांना माझे शरीर आता चांगले परिचयाचे झाले आहे. वय त्रेसष्ट, उजवा गुडघा डॉक्टरांच्या मालकीचा, आणि पोट गेल्या कित्येक दिवाळ्यांच्या फराळाची साक्ष देणारे. अशा माणसाने वर्षभर दर रविवारी डोंगर चढण्याची प्रतिज्ञा करावी, याला शहाणपण कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण प्रतिज्ञा झाली खरी, आणि ती पाडव्याच्या दिवशी, चार माणसांदेखत झाली.

दिवस २ नोव्हेंबर २०२४. घरात भावंडे, त्यांची मुलेबाळे जमलेली. गोष्टी सिंहगडावरच्या दह्यावर आल्या आणि मी त्या मडक्यातल्या दह्याचे रसभरित वर्णन करू लागलो. तेवढ्यात धाकट्या पुतण्याने विचारले, "काका, तुम्ही सिंहगडावर शेवटचे पायी कधी गेला होतात?"

मी आठवू लागलो. पस्तीस वर्षांपूर्वी कचेरीच्या सहलीबरोबर गेलो होतो. त्यानंतर प्रत्येक वेळी मोटारीने. गडाच्या दारापर्यंत डांबरी रस्ता करून ठेवला आहे, त्यात माझा काय दोष? पण मी आठवतो आहे हे पाहून मंडळी हसली, आणि त्या हसण्याच्या भरात मी बोलून गेलो, "पुढच्या पाडव्यापर्यंत दर रविवारी एक गड. पायी!"

आमच्या सौभाग्यवती करंज्यांचे ताट घेऊन बाहेर येत होत्या. त्या हसल्या नाहीत. ताट खाली ठेवून एवढेच म्हणाल्या, "जा की. पण रात्री मुक्काम करायचा नाही. दिवेलागणीला घरात."

पुतण्या हिशेबात पक्का. त्याने तिथेच मोजून सांगितले की पाडव्यापासून पाडव्यापर्यंत रविवार बावन्न भरत नाहीत, एक्कावन्नच भरतात. अधिक मास नसला की आपले पंचांगाचे वर्ष ३५४ दिवसांचे असते. एक चढ वाचला म्हणून मी मनातल्या मनात चंद्राचे आभार मानले.

दुसऱ्याच दिवशी पन्नास नंबरची बस धरून आतकरवाडीला उतरलो. वाचकहो, सिंहगडाच्या त्या चढाचे वर्णन मी करणार नाही. पुण्याच्या निम्म्या लोकांना तो पाठ आहे. एवढेच सांगतो की पुणे दरवाज्यात पोचायला मला दोन तास चाळीस मिनिटे लागली, आणि वाटेत डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेली एक बाई मला मागे टाकून गेली. ती चालताना शेजारणीशी बोलत होती. माझ्याजवळ बोलायला श्वास नव्हता.

सौ.ची अट मी आधी बायकी काळजी समजलो होतो. चार रविवारांत कळले की सगळ्या संकल्पाचे गणित त्या अटीतच आहे. दिवेलागणीला घरात यायचे तर एसटी किंवा लोकल किती वाजता मिळाली पाहिजे, त्यासाठी पायथ्याशी कधी असले पाहिजे, त्यासाठी उतरायला किती वेळ ठेवला पाहिजे, असे उलटे मोजत गेले की उत्तर येते दुपारी एक. चढ दम काढतो, पण उतार गुडघा काढतो. आणि घसाऱ्याच्या वाटेवर माझ्यासारख्याला उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. म्हणून मी नियम केला: एक वाजला की जिथे असेन तिथून माघारी. माथा दिसत असला तरी माघारी.

थंडीत हा नियम पाळणे सोपे होते. तिकोन्याच्या उंच उंच पायऱ्या, तिथून पवनेच्या पाण्यापलीकडे दिसणारा तुंग, मग पुढच्या रविवारी तुंगावरून दिसणारा तिकोना! कोरीगडाचा तट अजून सलग आहे, त्यावरून सबंध फेरी मारली. शिवनेरीचे सातही दरवाजे मोजले. पुण्याहून एका दिवसात होणारे गड काही एक्कावन्न नाहीत, त्यामुळे मधूनमधून सिंहगड येई, आणि त्या निमित्ताने प्रगती मोजता येई. मार्चमध्ये मी पुणे दरवाज्यात एक तास पंचवीस मिनिटांत पोचलो. पाटीवाली बाई अजूनही माझ्या पुढेच होती, पण आता तिचे बोलणे मला ऐकू येत होते. ती जावेच्या कागाळ्या सांगत होती.

तोरण्याला एप्रिलमध्ये गेलो, ही चूक. वेल्ह्याहून वर जाणारी ती उघडी सोंड उन्हात तव्यासारखी तापते. तीन लिटर पाणी बिनी दरवाज्यात संपले. १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याला प्रचंडगड का म्हणतात हे मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा माझ्या पोटऱ्यांनी अधिक चांगले समजावले.

घरी आणखी एक गोष्ट चालली होती. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्यात दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, मोलकरणीच्या दांड्या. त्याच्या रविवारच्या चौकोनात सौ. गडाचे नाव लिहू लागल्या होत्या. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. मात्र नाव त्या सकाळी लिहीत नसत, मी घरात पाऊल टाकल्यावर लिहीत.

आता जूनकडे येतो. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. १५ जूनच्या रविवारी मी मळवलीला उतरून विसापूर चढलो. पावसाळ्यात तिथल्या एका घळीतल्या दगडी पायऱ्यांवरूनच पाणी वाहते, आणि त्या पाण्यातून चढावे लागते. मजा आली. फार मजा आली, हेच नडले. विसापूरचा माथा म्हणजे मोठे पठार आहे. मला वाटले, कोरीगडासारखी इथेही तटाची पुरी फेरी करावी. एक वाजला तेव्हा फेरी निम्मी झाली होती. मी घड्याळ पाहिले आणि बाहीखाली झाकले.

मग ढग उतरले. दहा पावलांवरचे दिसेना. तट उजवीकडे ठेवून चाललो, तर तट मध्येच ढासळलेला. पुन्हा मागे फिरलो, तर मघाची घळ सापडेना. फोन खिशात भिजून बंद पडला होता. अखेर गुराख्याच्या एका पोराने लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीच्या वाटेला लावून दिले. ती माझ्या येण्याची वाट नव्हे. खाली पोचून भाजे गावावरून मळवली स्टेशनवर आलो तेव्हा दिवे लागून गेले होते.

फलाटावर लोक घोळक्याने उभे होते. त्या दुपारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट कोसळला होता. कुंडमळा त्याच लोहमार्गाच्या बाजूला, तळेगावच्या पुढे. चार माणसे गेली, हे पुढे समजले. त्या वेळी फलाटावर कोणी वीस म्हणत होते, कोणी पन्नास.

मी त्या बाजूला फिरकलोही नव्हतो. पण हे मला ठाऊक. घरी काय ठाऊक होते? नवरा सकाळी त्याच गाडीने गेला आहे, पावसात हिंडतो आहे, फोन लागत नाही, आणि दूरदर्शनच्या पडद्यावर नदी दाखवताहेत.

एका मुलीने तिचा फोन दिला. घंटा एकदाच वाजली. मी म्हणालो, "अगं, मी आहे."

पलीकडून काही आवाज नाही. मग, "कुठे आहात?"

"मळवलीला. गाडी येतेच आहे."

"बरं." आणि फोन ठेवला.

घरी पोचलो तर पुतण्या बसलेला. तो दुपारपासून चार ठिकाणी फोन करत होता. सौ.नी पान वाढले. आमटी तिसऱ्यांदा गरम केलेली होती. मी विसापूरच्या पाण्याच्या पायऱ्यांची गोष्ट सांगू लागलो आणि अर्ध्यावरच थांबलो. नियम मोडला हे मी सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. कालनिर्णयातला १५ तारखेचा चौकोन कोरा राहिला.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. पायमोजे वाळत टाकले होते, ते वाळतच राहू दिले. त्याच्या पुढच्या शनिवारी भाजी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "उद्या कुठला?"

मी म्हणालो, "जाऊ का?"

"एक वाजता फोन करायचा. रेंज नसेल तिथं जायचं नाही."

म्हणजे एकची गोष्ट त्यांना पहिल्यापासून माहीत होती! मी कधी बोललो नव्हतो. पण नोव्हेंबरपासून प्रत्येक रविवारी एक वाजला की त्या घड्याळाकडे पाहत आणि आता हा उतरायला लागला असे समजून कुकर लावायचा हिशेब करत, हे मला त्या दिवशी कळले.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात राजगड आहे. लगेचच्या रविवारी मी राजगडला गेलो आणि माझ्याआधी निम्मे पुणे तिथे गेले होते. गुंजवण्याच्या वाटेवर चोर दरवाज्याखालच्या कातळात रांग लागली होती. लोखंडी कठड्याला धरून माणसे थांबलेली, वरून पाणी, खाली चिखल. दरवाजा डोक्यावर दिसत होता. एक वाजला.

मी वळलो. मागचा एक मुलगा म्हणाला, "आजोबा, दहाच मिनिटं राहिली!"

दहाच राहिली होती, हे खरे. स्वराज्याची इतकी वर्षे राजधानी असलेला गड, आणि मी त्याच्या दाराखालून परत. उतरताना फार वाईट वाटले. आत्ता लिहितानाही वाटते. पहिला खडा उतार संपल्यावर फोन लागला, एक वाजून वीस मिनिटांनी. त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं उशीर."

रात्री पुतण्याने निकाल दिला की हा गड धरता येणार नाही. वाद झाला. मी स्वतःच त्याच्या बाजूने बोललो. सौ. उठल्या, आणि कालनिर्णयाच्या चौकोनात लिहून आल्या: राजगड. शेजारी कंसात, बारीक अक्षरांत: अर्धा.

हे लिहितो आहे तेव्हा सप्टेंबर संपत आला आहे. डोंगरावर तेरडा ओसरतो आहे आणि सोनकी पिवळी होते आहे. अठ्ठेचाळीस रविवार झाले, त्यांत चार चुकले, एक अर्धा, एक कोरा. पुतण्याच्या मते मी पैज केव्हाच हरलो. अंक तुमच्या हाती पडेल तोवर उरलेले तीनही होऊन गेले असतील.

त्यांतला शेवटचा रविवार १९ ऑक्टोबर. आदल्या दिवशी धनत्रयोदशी, दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी, म्हणजे घरात कामाचा डोंगर. मी त्या दिवशी जाणार नाही असे ठरवून टाकले होते. काल दुधाचा हिशेब पाहायला कालनिर्णय उलटले, तर त्या चौकोनात आधीच लिहिलेले आढळले: सिंहगड, दोघे. खाली लिहिले होते: चकल्या शुक्रवारीच.

मी विचारले, "मोटारीने?"

"मोटारीने कशाला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र मला वाटेत घाई करायची नाही. आणि ती दहीवाली कुठं भेटते ते दाखवा."