सुतळीचा कबुलीजबाब

एका थाळीवाल्या उपाहारगृहात हात धुताना माझ्या उजव्या अंगठ्याला चार टाके पडले. पायाच्या. बेसिन भिंतीपासून सुटलं आणि थेट पायावर आलं. गल्ल्यावरून धावत आलेल्या मालकांनी आधी बेसिनकडे पाहिलं. "टेकून उभे राहिला असाल!" मग मोठ्या मनानं बिलातून ताक वजा केलं.

ताकाबद्दल तक्रार नाही. माझा राग आहे सुतळीवर. बेसिनचा एक कोपरा सुतळीनं पाइपाला बांधलेला होता आणि वर पाटी होती : 'जपून वापरा'. म्हणजे हे पडणार हे मालकांना ठाऊक, वेटरला ठाऊक, सुतळी आणणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक. आम्ही कॉमर्सवाले लेखी कागद मानतो. माझ्या लेखी ती पाटी म्हणजे स्वहस्ताक्षरातली कबुली!

अमेरिकेत लोक असल्या गोष्टींवरून दावे लावतात, म्हणून आपण हसतो. पण तिथलं कोर्टही विचारतं ते हेच, की मोडलंय हे मालकाला ठाऊक होतं का, किंवा लक्ष ठेवलं असतं तर कळलं असतं का? आपल्याकडेही हे नवं नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं दगावली, तेव्हा पालिका म्हणाली, आतला दोष आम्हांला दिसलाच नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. इमारत ८० वर्षांची, तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५, तपासायला नको? आणि तिथं तर सुतळीही नव्हती.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. शुल्क ठरतं ते आपण मोजलेल्या किमतीवर, आणि ५ लाखांपर्यंत ते शून्य. तेवढ्या किमतीची थाळी मी अजून खाल्लेली नाही. तरी आमची ही म्हणाली, "मोरीवरून कोर्टात गेलात तर लोक काय म्हणतील?" लाज वाटायची ती पडणाऱ्याला, बांधणाऱ्याला नाही! शेजारच्या काकू एका मंगल कार्यालयात कमोडजवळचा दांडा धरून उठत होत्या. दांडा हातात आला, खुबा मोडला. ऑपरेशनसाठी मुलानं प्रॉव्हिडंट फंड काढला. काकू आता वॉकर घेऊन दारापर्यंत येतात. कार्यालयानं तो दांडा तारेनं बांधला म्हणे. 'जाऊ द्या, डोक्यावर आलं ते खुब्यावर निभावलं,' असं सगळ्यांनी त्यांना समजावलं. मीही.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी तक्रारअर्ज लिहायला घेतला. तारीख, बिल क्रमांक, पाटीचा फोटो. तेवढ्यात साहेब आले.

"तुमचं अक्षर बरं आहे. खातेदारांच्या संडासातली फ्लशची टाकी हलतेय. एक पाटी लिहा बघू, 'जपून वापरा'."

"लिहितो की साहेब. फक्त खाली तारीख घालून सही तुमची लागेल."

साहेबांनी माझ्या अर्जाकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. चार वाजता प्लंबर आला.