कॅमेऱ्यासमोरचा इकबाल-ए-जुर्म

टीव्हीच्या पडद्याखाली लाल पट्टी सरकते : ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ दस्तरखानावर बसलेली माणसे एकमेकांकडे बघतात आणि घरातल्या घरात निकाल लागून जातो. आरोपीचे नाव आपल्यासारखे असेल तर घास घशाखाली उतरत नाही. नाव दुसऱ्या कुणाचे असेल तर ‘बरे झाले, सापडला’ म्हणून आपणही मोकळे होतो. दोन्ही वेळा विचारायचा प्रश्न एकच आहे. ही कबुली कुणासमोर दिली, आणि त्या घटकेला तो माणूस कुणाच्या ताब्यात होता?

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. १८७२च्या पुरावा कायद्याची कलमे २५ आणि २६ आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून आली आहेत. १ जुलै २०२४ पासून हा नवा कायदा लागू आहे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणाजवळही दिलेली कबुली, मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष हजर नसतील तर, चालत नाही. या ‘दुसऱ्या कुणाजवळ’मध्ये वार्ताहर आला, शेजारी आला, आरोपीचा सख्खा भाऊसुद्धा आला. एवढा अविश्वास इंग्रज सरकारने स्वतःच्याच पोलिसांवर का दाखवला, असे कुणालाही वाटेल. मद्रास इलाख्यात कैद्यांचा छळ होतो का, हे पाहण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये जो अहवाल दिला, तो वाचणाऱ्याला असे वाटणार नाही. कबुली मिळाली की तपास संपतो, आणि म्हणून कबुली मिळवण्याचाच मोह होतो, हे तेव्हाच ध्यानात आले होते.

या प्रश्नावरचे सर्वांत बोलके प्रकरण संसदेवरील हल्ल्याचे आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी हल्ला झाला. काही दिवसांत अफजल गुरू, शौकत हुसेन आणि दिल्लीतल्या झाकीर हुसेन कॉलेजात अरबी शिकवणारे एस. ए. आर. गिलानी यांना अटक झाली. २० डिसेंबरला पोलिसांच्या ताब्यातल्या अफजलला टीव्ही आणि वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांपुढे बसवण्यात आले. त्याने कटातील आपला भाग सांगितला आणि देशभर घराघरांत ते ऐकले गेले. खटला तेव्हा उभाही राहिला नव्हता.

४ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पोलिसांनी आधीच जुळवून आणलेल्या अशा मुलाखतीतल्या बोलण्याला कोणतेही वजन देण्याची आपली तयारी नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. पोटा कायद्याखाली पोलीस अधिकाऱ्यापुढे नोंदवलेली कबुलीही बाजूला ठेवली गेली, कारण वकील आणि नातेवाईक यांच्याबाबत त्या कायद्यानेच घालून दिलेली बंधने पाळली गेली नव्हती. अफजलची शिक्षा न्यायालयाने कायम केली ती परिस्थितीजन्य पुराव्यावर; मोबाइल फोन, लॅपटॉप, भाड्याने घेतलेल्या खोल्या यांच्या आधारे. गिलानींना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. म्हणजे मुलाखत पूर्णपणे वगळूनही एकाला शिक्षा झाली आणि एक सुटला. मग त्या मुलाखतीने साधले काय? आमच्या मते एवढेच, की न्यायालयाचे दार उघडण्याआधी लोकांचे मन बंद झाले.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे बेइमानी ठरेल. पत्रकाराजवळचे प्रत्येक बोलणे बाद होते, असे मुळीच नाही. नरोडा पाटियाच्या हत्याकांडाबद्दल बाबू बजरंगी छुप्या कॅमेऱ्यासमोर बढाया मारत बोलला, तेव्हा तो कुणाच्या ताब्यात नव्हता, जवळ पोलीस नव्हते, कुणी धमकावलेही नव्हते. अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने २०१२च्या निकालात हे बोलणे न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून विचारात घेतले. पण त्याआधी पत्रकाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागले, टेपची तपासणी झाली, आणि इतर पुरावाही होताच. अशी कबुली हा मुळात दुबळा पुरावा मानला जातो. ती स्वखुशीने दिलेली आणि खरी आहे असे न्यायाधीशाला पटावे लागते, आणि दुसऱ्या पुराव्याचा आधार असेल तरच तिच्यावर भार टाकला जातो. नरोड्यात ही कसोटी आपल्याला न्याय्य वाटत असेल, तर दिल्लीतही तीच हवी.

आपल्या फिकहमध्ये इकरारला मोठे स्थान आहे, पण जबरदस्तीच्या इकरारला नाही. हजरत माइज (रजि.) स्वतःहून गुन्हा कबूल करायला आले तेव्हा प्रेषितांनी (स.) तोंड फिरवले, पुन्हापुन्हा फिरवले. हा माणूस शुद्धीत आहे ना, याची चौकशी केली. चार वेळा कबुली आल्याशिवाय ती धरली नाही. कबूल करणाऱ्याला परत फिरण्याची वाट उघडी ठेवणारा हा रिवाज आहे, आणि आपण मात्र अर्ध्या मिनिटाची क्लिप खातरजमा न करता दहा गटांत पुढे पाठवतो. सूरह हुजुरातमधला खातरजमेचा हुकूम मोबाइलला लागू नाही, अशी काही मंडळींची समजूत दिसते!

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक अपवाद माहीत करून घ्यावा. १९९९च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली काही अटींवर चालते. ११ जुलै २००६च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुल्या होत्या. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कबुल्या नाकारून सर्वांना निर्दोष ठरवले. त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. मधली एकोणीस वर्षे कोण भरून देणार?

घरावर असा प्रसंग आलाच तर दारात आलेल्या कॅमेऱ्यापुढे अम्मी-अब्बांनी, भावंडांनी वकिलाला विचारल्याशिवाय बोलू नये. रडत, घाबरत बोललेल्या वाक्यांचे तुकडे कुठे जोडले जातील, सांगता येत नाही. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ने दिला आहे, आणि कलम २०नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.

कबुली नोंदवण्याची नेहमीची जागा मॅजिस्ट्रेटसमोर आहे. पूर्वी ती कलम १६४ची कबुली म्हणून ओळखली जाई, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३. मॅजिस्ट्रेटने आरोपीला आधी सांगावे लागते की, कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. आणखी एक तरतूद फार थोड्या घरांना ठाऊक असते. कबुली नोंदवण्यापूर्वी केव्हाही ‘मला कबुली द्यायची नाही’ असे आरोपीने मॅजिस्ट्रेटना सांगितले, तर त्या नकारानंतर मॅजिस्ट्रेट त्याला पोलीस कोठडीत ठेवण्याची परवानगी देऊ शकत नाहीत.