रिपोर्ट निगेटिव्ह, पण ताप उतरेना : पुण्यातल्या टेस्टवर किती भरवसा ठेवायचा?

ताप, खोकला आणि दम लागतोय म्हणून जुन्नर, भोर, इंदापूरकडून पेशंट पुण्याला हलवला जातो. दवाखान्यात नाकातून स्वॅब घेतात. रिपोर्ट येतो निगेटिव्ह. तरीही डॉक्टर म्हणतात, पेशंट ॲडमिटच राहू द्या आणि बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. इथं नातेवाइकांचा पारा चढतो. काहीच निघालं नाही, तर ठेवता कशाला? बिल वाढवायला?

शंका येणं साहजिक आहे. खिशातून पैसे जातायत म्हटल्यावर माणूस विचारणारच. पण याच रागाच्या भरात पेशंट घरी आणला आणि दोन दिवसांनी दम वाढला, तर पुन्हा पुणं गाठेपर्यंत उशीर होतो. घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं असतात, त्यांनाही लागण होते. म्हणून ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्यायला हवा. या नमुन्यात, या टेस्टला, तो विषाणू सापडला नाही, एवढंच तो कागद सांगतो. पेशंटला आजारच नाही, असं तो सांगत नाही.

पुण्यानं हे आधीही पाहिलंय

३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली आणि शहर हादरलं. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या. नमुने तपासायचा भार पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर, म्हणजे एनआयव्हीवर पडला. १९५२ साली सुरू झालेली ही देशातली नावाजलेली संस्था, पण अख्खं शहर तपासणीला आलं तर कुठलीही लॅब पुरी पडणार नाही.

त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पेशंटचे ए, बी आणि सी असे गट केले. साधा ताप-खोकला असलेला ए गट आणि जास्त ताप किंवा जोखीम असलेला बी गट, या दोघांना टेस्टची गरज नाही. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, बीपी कमी होणं, नखं निळी पडणं अशी लक्षणं असली की तो सी गट. त्याला लगेच ॲडमिट करायचं आणि टेस्टही करायची. फ्लूचं औषध ऑसेलटामिवीर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणून जोखमीच्या पेशंटला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. रिपोर्टच्या आधीच गोळ्या दिल्या म्हणून फसवलं, असं समजू नका.

झटपट टेस्ट आणि आरटीपीसीआर

झटपट होणारी अँटिजेन टेस्ट १५ ते ३० मिनिटांत उत्तर देते. आरटीपीसीआरला लॅब लागते, वेळ लागतो, पण थोडासा विषाणू असला तरी ती पकडते.

जून २०२० मध्ये आयसीएमआरनं पहिल्या कोविड अँटिजेन किटला परवानगी दिली, तेव्हा तपासणीचे आकडेही जाहीर केले. खऱ्या बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोकच त्या किटनं पकडले. म्हणजे १०० बाधित माणसं तपासली, तर १६ ते ४९ जणांच्या हातात ‘निगेटिव्ह’ची चिठ्ठी! पण ‘पॉझिटिव्ह’ आलं तर ते बहुतेक खरंच असायचं. म्हणून नियम ठरला, की लक्षणं आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करायचीच. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरी करायच्या किटला मंजुरी मिळाली, तिलाही हाच नियम लागू झाला. फ्लूच्या झटपट टेस्टही साधारण ५० ते ७० टक्केच पेशंट पकडतात.

स्वॅब कधी घेतला, कुठून घेतला?

आरटीपीसीआर चांगली, पण तीही चुकते. बऱ्याचदा दोष मशीनचा नसतो, नमुन्याचा असतो.

पहिली गोष्ट वेळ. कोविडबाबत २०२० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सात अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. लक्षणं सुरू झाली त्याच दिवशी तपासलं, तर १०० पैकी साधारण ३८ बाधित सुटतात. तीन दिवसांनी तपासलं तर २० सुटतात. फार लवकर केलेली टेस्ट अशी फसवते.

दुसरी गोष्ट जागा. चीनमधल्या पेशंटच्या अभ्यासात फुफ्फुसातून काढलेल्या द्रवात ९३ टक्के वेळा विषाणू सापडला, थुंकीत ७२ टक्के, नाकात ६३ टक्के आणि घशात फक्त ३२ टक्के. आजार छातीत उतरल्यावर नाक-घसा ‘स्वच्छ’ दिसू शकतो. गंभीर पेशंटचा नमुना डॉक्टर पुन्हा आणि खोलवरून मागतात, त्याचं कारण हे आहे.

तिसरी गोष्ट प्रवास, आणि हा आपल्या ग्रामीण भागाचा प्रश्न आहे. स्वॅबची नळी २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवून साधारण ७२ तासांत लॅबला पोचावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघालेला नमुना उन्हात गाडीत पडून राहिला, तर पुण्यातली लॅब कितीही भारी असू दे, रिपोर्टचा भरवसा कमी होतो. तालुक्याच्या ठिकाणी बर्फाचा डबा आणि रोजची गाडी आहे का, हे आपण ग्रामसभेत विचारायला पाहिजे.

पॉझिटिव्हचीही दुसरी बाजू

आरटीपीसीआर विषाणूचे तुकडेही पकडते. माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून ८ मे २०२० पासून सौम्य कोविड पेशंटला घरी सोडताना पुन्हा टेस्ट करायची अट सरकारनं काढून टाकली. घरी आलेल्या माणसाला जुन्या रिपोर्टवरून वाळीत टाकणं चुकीचंच.

आणि प्रत्येकाला महागडी टेस्ट लागतही नाही. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीची घबराट पसरली. हा विषाणू २००१ सालीच शोधला गेलाय आणि त्यावर खास औषध नाही. साध्या सर्दी-खोकल्यात त्याची टेस्ट केली तरी गोळ्या बहुधा त्याच राहतात.

दवाखान्यात हे विचारा

- टेस्ट कोणती, अँटिजेन की आरटीपीसीआर? कोणकोणत्या विषाणूंसाठी? कोविडची टेस्ट निगेटिव्ह म्हणजे फ्लू नाही, असं होत नाही.
- नमुना आजाराच्या कितव्या दिवशी आणि कुठून घेतला?
- रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलणार आहेत का? बदलणार नसतील तर टेस्ट कशासाठी?
- पुन्हा तपासायची गरज आहे का, आणि कधी?
- लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का? रिपोर्टवर शिक्का बघा.

हे विचारल्यावर चांगला डॉक्टर रागवत नाही, दोन मिनिटं देऊन समजावतो. समजावत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा हक्क तुम्हाला आहे.

पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चमध्ये फ्लू जोर धरतो. त्या दिवसांत निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरी ताप उतरेपर्यंत मास्क लावा, म्हाताऱ्या माणसांपासून लांब झोपा. दम लागला, ओठ-नखं निळी दिसली, माणूस गुंगीत गेला किंवा लेकरू दूध पिईना, तर रिपोर्ट बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा.