आजी खरी, पण निबंधात बाखा कुठे आहे?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी मागच्या महिन्यात इंग्रजीची असाइनमेंट घेऊन आली. एस.वाय.बी.ए.ला आहे. विषय होता, मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' कादंबरीतले बाखाचे चित्रण. दहापैकी तीन गुण, आणि खाली लाल शाईत शेरा : हे भावनिक आहे, साहित्यिक नाही. तिने चार पाने लिहिली होती. त्यातली तीन तिच्या आजीवर होती. आजी नगरपालिकेत झाडूकामाला होती. गाईडमधला 'मानवतावाद' जसाच्या तसा उतरवणाऱ्यांना सात-सात गुण.

शेरा वाचून आम्हाला संताप आला. पण खोटे कशाला बोला, तो अर्धा बरोबर होता. आजी खरी, तिचा अपमान खरा, पण त्या तीन पानांत बाखा कुठेच नव्हता. आणि अर्धा चुकीचा यासाठी की गाईडच्या उत्तरातही बाखा नसतो, ते मात्र कुणाला खटकत नाही.

आपल्या पोरांना इंग्रजीच्या वर्गात निबंध कसा लिहायचा हे कुणी शिकवत नाही. गोष्टीचा सारांश, लेखकाची स्तुती, शेवटी समतेचा संदेश, झाले. 'बाखा हा समाजव्यवस्थेचा बळी आहे' यावर कोण भांडणार? ज्यावर कुणी भांडूच शकत नाही ते म्हणणे नव्हे. निबंधाला म्हणणे लागते, आणि ते कादंबरीतल्या शब्दांवर उभे करावे लागते.

आम्ही तिला सांगितले, पुस्तक पुन्हा वाच आणि जिथे राग येईल तिथे पेन्सिलीने खूण कर. आम्हाला वाटले, खूण बाजारातल्या थपडेपाशी येईल, नाहीतर शेवटी. शेवटी बाखापुढे पाद्री हचिन्सनचा ख्रिस्त, गांधींचे भाषण आणि कवीने सांगितलेला फ्लशचा संडास असे तीन मार्ग येतात. तिथे आपण सगळे एकच विचारतो, बाबासाहेब कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे.

तिची खूण पहिल्याच पानांत होती. बाखा संडास साफ करतो तिथे. त्याच्या चेहऱ्यावर एक प्रतिष्ठा आहे, ती साध्या स्कॅव्हेंजरमध्ये नसते, कारण तो सहसा गबाळा आणि अस्वच्छ असतो, अशा अर्थाचे वाक्य तिथे आहे. ती म्हणाली, "दादा, आजी कामावरून आली की आधी अंघोळ करायची, मगच आम्हाला जवळ घ्यायची. ह्यांनी कुठे पाहिला गबाळेपणा?"

हे तिचे म्हणणे झाले. बाखाला मोठा करण्यासाठी कादंबरी त्याच्या जातभाईंना खाली ढकलते.

आम्ही मुद्दाम उलट बाजू घेतली. हे मत लेखकाचे कशावरून? त्याआधी बघ्यांचे बोलणे आहे, हा माणूस या कामाचा नव्हे असे ते म्हणतात. मग हेही त्यांचेच असेल. ती गप्प झाली, पुस्तक उघडून बसली. दहा मिनिटांनी म्हणाली, बघ्यांचे बोलणे अवतरणचिन्हांत आहे, हे वाक्य बाहेर आहे. निवेदकाने ते स्वतःच्या तोंडी घेतले आहे. आम्हाला हे सुचले नव्हते. आम्ही समाजशास्त्राचे, अवतरणचिन्हे कधी मोजली नाहीत.

यावर कुणी म्हणेल, 1935 साली इंग्रजीत एका भंगी तरुणाला नायक करणे हेच केवढे धाडस. आहेच. ते निबंधात मान्य करावे. लेखकाला मनुवादी ठरवून टाळ्या मिळतात, पण एका वाक्यावरून एवढे सिद्ध होत नाही.

बाबासाहेबांचा 1916 चा निबंध काढून पाहा. 9 मे रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातींवरचा तो निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले, केतकर, एकेकाची व्याख्या घेतात, ती कुठे अपुरी पडते ते दाखवतात आणि मग सजातीय विवाहाचा आपला सिद्धांत मांडतात. लहानपणीचा गोरेगावचा तो बैलगाडीचा प्रवास त्यांना आठवत नसेल? पण तो त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिला. कोणती गोष्ट कुठे पुरावा होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण त्यांची जयंती डीजे लावून करतो, हा निबंध मात्र किती जणांनी वाचला?

मग आजीचे काय करायचे, हा तिचा खरा प्रश्न होता. आजी काढून टाक असे आम्ही म्हणणार नव्हतो. आजी नसती तर ते वाक्य तिला खटकलेच नसते. सात गुणवाल्यांना ते खटकले नाही.

दुसऱ्या मसुद्यात आजी एका वाक्यात आहे, त्या अवतरणचिन्हांच्या मुद्द्यानंतर लगेच. गुण अजून कळलेले नाहीत. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून ती सध्या निबंधाचे मराठी करते आहे, आणि 'स्कॅव्हेंजर'ला आजीसमोर कोणता शब्द वापरायचा यावर अडली आहे.