पाळलेला साप डॉक्टरांपासून लपवू नका

काही महिन्यांपूर्वी आमच्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात सात महिन्यांचे एक बाळ दाखल झाले. ताप उतरत नव्हता, जुलाब होत होते, शौचातून रक्त जात होते. रक्ताच्या कल्चरमध्ये साल्मोनेला हा जंतू वाढला. बाळ आईच्या दुधावर आणि घरच्या पेजेवर, पाणी उकळलेले, बाहेरचे काही दिलेले नाही. घरात कोणता प्राणी आहे का, या प्रश्नाला दोनदा ‘नाही’ असे उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाळाचा काका बाजूला येऊन हळूच म्हणाला, ‘‘सर, माझ्याकडे साप आहे. पण लहान आहे, बिनविषारी आहे.’’

तो बोआ कन्स्ट्रिक्टरचे पिल्लू होता. बाळ बरे होऊन घरी गेले. सापाची तपासणी झाली नाही, त्यामुळे जंतू त्याच्याकडूनच आला असे मी म्हणणार नाही. पण ही माहिती आम्हाला पहिल्याच दिवशी मिळायला हवी होती. ती का मिळाली नाही, याचा विचार व्हायला हवा.

बोआ मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडचे मांडूळ हे त्याचे लांबचे नातलग. मांडूळ, अजगर किंवा कुठलाही देशी साप घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांबाबत मात्र बरीच वर्षे स्पष्टता नव्हती. १९७२ च्या या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीतील प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करणे बंधनकारक आहे. बोआ या यादीत आहे.

तरी चोरटी आयात सुरूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले. एप्रिल २०२४ मध्ये बंगळुरू विमानतळावर दहा पिवळे अ‍ॅनाकोंडा पकडले गेले. अशा वाटेने आलेल्या सापाबरोबर कागद येत नाही आणि माहितीही येत नाही. मालक मग व्हिडिओ पाहून शिकतो आणि डॉक्टरांसमोर गप्प बसतो.

आता त्या पिल्लाकडे पाहू. नवजात बोआ साधारण दीड फुटाचा असतो. त्याच्या आहारातली पहिली गोष्ट अन्न नसून ऊब आहे. साप स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही. पेटीच्या एका बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला २५ ते २७ अंश तापमान हवे, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते. गारठ्यात पचन मंदावते, गिळलेला उंदीर पोटातच कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. एसी लावलेल्या खोलीत किंवा नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात हे सहज घडू शकते.

पिल्लाला सात ते दहा दिवसांतून एकदा खाणे पुरते. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून अधिक नसावी. लाडाने जास्त भरवणे इथेही घातकच. सापही लठ्ठ होतो. साप ओकला तर लगेच पुन्हा भरवू नये. दहा-पंधरा दिवस थांबावे, तापमान तपासावे आणि मग आधीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. पुन्हा तसेच झाले तर पशुवैद्याकडे न्यावे.

जिवंत उंदीर सोडून ‘शिकार’ पाहण्याची अनेकांना हौस असते. पण भेदरलेला उंदीर सापाला खोल चावे घेतो. मारून गोठवलेला उंदीर बंद पिशवीत वितळवून, कोमट पाण्याने ऊबदार करून, लांब चिमट्याने द्यावा. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. चिमट्याने थोडी हालचाल केली की साप झडप घालून विळखा घालतो. हा विळखा श्वास कोंडून मारतो, असा पूर्वी समज होता. अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की बोआच्या विळख्यात उंदराचे रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडते. त्याआधी २०१२ मध्ये त्याच चमूला आढळले, की बोआला भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात आणि विळखा किती वेळ आवळायचा हे तो त्यावरून ठरवतो.

असा प्राणी हाताळण्यात प्रेमापेक्षा शिस्त महत्त्वाची. नवे पिल्लू आणल्यावर पहिला आठवडा, जमल्यास पहिली एक-दोन जेवणे होईपर्यंत त्याला हात लावू नये. जेवणानंतर किमान दोन दिवस उचलू नये. डोळे दुधाळ दिसू लागले, म्हणजे कात टाकायची वेळ आली; तेव्हाही एकटे सोडावे. उचलताना वरून झडप घालू नये, कारण त्याला ती शिकारी पक्ष्याची वाटते. बाजूने, दोन्ही हातांचा आधार देत उचलावे आणि दहा-पंधरा मिनिटांत परत ठेवावे. रीलसाठी गळ्यात घालू नये. हाताला उंदराचा वास असेल तर तो हातालाच भक्ष्य समजतो. चावल्यास हात हिसकू नये. दात मागे वळलेले असतात, जखम फाटते. साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी.

आता साल्मोनेलाविषयी. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही हा जंतू राहू शकतो आणि अधूनमधून विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणून एक तपासणी ‘निगेटिव्ह’ आली तरी निर्धास्त होता येत नाही. सापाला प्रतिजैविके देऊनही तो नाहीसा होत नाही; उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. गोठवल्याने उंदरातला जंतू मरत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सापांच्या खाद्यासाठी विकलेल्या गोठवलेल्या उंदरांतून माणसांत साथी पसरल्या आहेत. आणि बाळाने सापाला हात लावलाच पाहिजे असे नाही. मोठ्यांच्या हातांवरून, कपड्यांवरून, ओट्यावरून जंतू त्याच्या तोंडापर्यंत पोहोचतो. निरोगी माणसाला चार दिवस जुलाब होऊन थांबतात. तान्ह्या बाळात हाच जंतू रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो.

म्हणून उंदीर घरच्या फ्रीजमध्ये नको, पेटी आणि पाण्याचे भांडे स्वयंपाकघरात धुणे नको, आणि सापाला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबण-पाण्याने हात धुणे हवे. पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, पासष्टीपुढची माणसे किंवा केमोथेरपी सुरू असलेला रुग्ण घरात असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: साप आणू नका.

आणखी एक गोष्ट. बोआ वीस ते तीस वर्षे जगतो आणि सहा ते दहा फूट वाढतो. कंटाळा आला म्हणून त्याला डोंगरात सोडणे हा उपाय नाही. कॅरिबियनमधील अरुबा बेटावर १९९९ मध्ये बोआ पहिल्यांदा दिसला. आज तो तिथे कायमचा झाला आहे आणि स्थानिक पक्षी, सरडे खातो.

नोंदणीमुळे साप कोणाचा हे कळते. त्या घरात पाळणा हलतो आहे का, हे नोंदणी विचारत नाही. ते आम्ही डॉक्टरांनी विचारायचे, आणि ‘कुत्रा-मांजर आहे का’ एवढ्यावर न थांबता साप, कासव, इग्वाना अशी नावे घेऊन विचारायचे. तुम्ही खरे सांगायचे. त्या क्षणी आम्हाला तुमचा परवाना पाहायचा नसतो. बाळाचा ताप कशाने आहे, एवढेच शोधायचे असते.