पहिलीच्या वर्गात चौदा मुलं

ईस्टर होऊन गेला. घरोघरची मार्झिपनची अंडी संपली असतील, नाहीतर फ्रीजमध्ये कडक होऊन पडली असतील. वसईत आता सगळ्यांचं लक्ष मुलांच्या परीक्षेकडे आणि मे महिन्यातल्या लग्नांकडे लागलंय. अशा अधल्यामधल्या दिवसांत मी माझ्या जुन्या प्राथमिक शाळेत जाऊन आले. चर्चची शाळा, मराठी माध्यम, पहिली ते चौथी. उन्हामुळे सकाळचीच भरते.

आधी बातम्या. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. चौथीचा निरोप समारंभ झाला आणि त्यात मुलांपेक्षा बाईच जास्त रडल्या. उपवासकाळात मुलांनी खाऊचे पैसे डब्यात साठवले होते, ते मोजून झाले. त्यातून वह्या घेणार आहेत. एक बातमी मात्र सूचनाफलकावर नव्हती. पहिलीच्या वर्गात मी डोकी मोजली, ती भरली चौदा. आमच्या वेळी पहिलीच्या दोन तुकड्या होत्या आणि ‘अ’वाले ‘ब’वाल्यांशी बोलायचे नाहीत!

त्या चौदांमध्ये वाडीतल्या कॅथलिक घरांतली मुलं थोडीच. बाकीची पाड्यावरची, भाड्याच्या चाळींतली, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी वारली. तुम्ही विचाराल, मग ईस्टरचं काय सांगतात त्यांना? मीही विचारलं. धर्मशिक्षण फक्त कॅथलिक मुलांना, इतरांना त्या तासाला मूल्यशिक्षण. हा काही शाळेचा मोठेपणा नाही. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमातच आहे. पण गोष्ट सगळ्यांनाच ऐकायची असते. मग गोष्ट म्हणून ती सगळ्यांना सांगितली जाते.

बाई योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगत होत्या. अजून अंधार असताना मग्दालीया मरीया कबरीकडे जाते. कबर रिकामी. ती रडत उभी राहते. समोर येशू उभा, पण ती ओळखत नाही, तिला वाटतं हा बागेचा माळी आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “म्हणजे वाडीवाला!” सगळा वर्ग हसला. त्याचे वडील दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करतात, हे मला नंतर कळलं. एवढं नेमकं भाषांतर मी तीन वर्षांच्या मास कॉमच्या डिग्रीत केलेलं नाही.

जाता जाता एक तक्रारही करते. भिंतीवर रंगवलेले ससे लावले होते. ईस्टरचा ससा आपल्याकडे कधी होता हो? झावळ्यांच्या रविवारी आपल्याच माडाच्या पात्यांचे क्रूस विणणारी आपली माणसं, आणि मुलांनी रंगवायचा इंटरनेटवरून उतरवलेला ससा! पुढच्या वर्षी ती झावळीच द्या की हातात.

आता मूळ मुद्दा. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पट घसरला की पद जातं आणि बाई ‘अतिरिक्त’ ठरतात. मग त्यांना कुठे पाठवतील ते सरकारच्या हातात. म्हणून दर एप्रिलमध्ये या बाई उन्हात दारोदार फिरतात, पहिलीला मुलं द्या म्हणून. त्याच आवारातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेला असं फिरावं लागत नाही.

यात शासनाला शिव्या घालणं सोपं आहे. पण आपलं काय? व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, मिस्सा लॅटिनमधून आपल्या भाषेत आली. आज वसईत ईस्टरच्या जागरणाचा सगळा विधी मराठीत होतो. नवा अग्नी पेटतो, मोठ्या मेणबत्तीवर चालू सालाचे आकडे कोरले जातात, गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा वाजतात आणि सगळं चर्च मराठीत गातं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपण केवढे फेटे उडवले! आणि सोमवारी सकाळी आपलीच मुलं टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतात. मराठी शाळा उरते ती ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी. त्यांना ती मिळतेय हे चांगलंच आहे. पण ज्यांच्याकडे पर्याय आहे असं एकही घर शाळेत उरलं नाही, तर तिच्यासाठी भांडणार कोण?

इंग्रजी नको असं मी म्हणत नाहीये. मलाही इंटरव्ह्यूला घाम फुटला होता, आणि नोकरी बघणाऱ्या आईबापांची भीती खोटी नाही. पण घरी वाडवळी किंवा कादोडी बोलणारं सहा वर्षांचं पोर एकदम इंग्रजीत गणित शिकतं तेव्हा ते पाठ करतं. विचारायला तोंड उघडत नाही. त्या मागच्या बाकावरच्या पोराने इंग्रजी वर्गात ‘वाडीवाला’ म्हटलं असतं का?

मराठी चालूच ठेवून दुसरीपासून इंग्रजी नीट बोलायला शिकवणारा माणूस आणायचा, तर पैसे लागतात. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे टाकलं. अकरा अंगठे आले, दोघांनी खरोखर पैसे देतो म्हटलं, आणि एकीने शनिवारी येऊन शिकवते म्हटलं. तुमच्या शाळेचाही ग्रुप असेलच. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये हा प्रश्न एकदा टाकून बघा.

निकाल नेहमीप्रमाणे १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनानंतर. मी जाणार आहे. माझा भाचा जूनमध्ये पहिलीला जाईल. ताईला म्हटलं, तूही चल, निदान शाळा बघ तरी. ती ‘बघू’ म्हणालीय. इंग्रजी शाळेचा फॉर्म तिने भरलाय, फी अजून भरलेली नाही.