घरच्या घरी इंग्रजी : ‘कोणाला’ आधी की ‘काय’ आधी?

अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात कैदेत असताना मौलाना आझादांनी हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रे लिहिली. ती तेव्हा टपालात पडू शकली नाहीत. १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली.

आता हे वाक्य फिरवून पाहा : ‘आझादांनी शेरवानींना पत्र लिहिले’, ‘पत्र शेरवानींना आझादांनी लिहिले’. अर्थ तोच, कारण ‘ना’ हा प्रत्यय नावाला चिकटलेला आहे. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. तिथे शब्दाची जागाच ते काम करते.

रस्ते दोन. माणूस आधी असेल तर ‘टू’ नको : ‘आझाद रोट शेरवानी अ लेटर’. वस्तू आधी असेल तर ‘टू’ हवाच : ‘आझाद रोट अ लेटर टू शेरवानी’.

दवाखान्यात ‘शो द बेबी द डॉक्टर’ म्हटले, तर अर्थ होतो, बाळाला डॉक्टर दाखवा! म्हणायचे असते : ‘शो द बेबी टू द डॉक्टर’.

‘एक्सप्लेन’ला दुसराच रस्ता चालतो. मुलाखतीत किंवा बँकेत ‘एक्सप्लेन मी द फॉर्म’ नको. ‘एक्सप्लेन द फॉर्म टू मी’ म्हणा. ‘बाय’, ‘मेक’ यांच्यासोबत मात्र ‘टू’ऐवजी ‘फॉर’ येतो : ‘अम्मी मेड टी फॉर मी’.

या महिन्याचा सराव : ‘दादीने मुलांना खजूर दिले.’ दोन्ही रस्त्यांनी सांगा.